वाढीव घरबांधणीतील जमिनींच्या पातळ्या

वाढीव घरबांधणीतील जमिनींच्या पातळ्या : राहत्या घराला लागून नवीन खोली, स्वयंपाकघर, स्नानगृह इ. बांधताना जुन्या व नव्या भागांतील फरशीच्या पृष्ठभागांच्या उंचीत बहुधा काही फरक पडतो. या फरकाचे मोजमाप, त्याचे नियोजन आणि त्याचे निवारण यांचा विचार या विषयात केला जातो. येथे ‘जमीन’ ही संज्ञा खोलीतील चालण्याच्या तयार पृष्ठभागासाठी आणि ‘भूपृष्ठ’ ही संज्ञा आवारातील मातीच्या पृष्ठभागासाठी वापरली आहे.

हा फरक बहुधा काही सेंमी. चाच असल्याने बांधकामाच्या वेळी त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु त्याचे परिणाम घर वापरात असेपर्यंत भोगावे लागतात. दारात राहिलेल्या लहानशा उंचवट्याला वृद्ध माणसे व मुले अडखळतात, पावसाचे पाणी उंच भागातून सखल भागाकडे येते, जुन्या भिंतींना ओल चढते आणि सांडपाण्याच्या नळाला पुरेसा उतार मिळत नाही. पाया खोदण्यापूर्वी हा फरक दूर करणे जवळजवळ खर्चाविना साधते. फरशी बसविल्यानंतर मात्र तो दूर करणे महागाचे व पुष्कळदा अशक्य असते. म्हणून वाढीव बांधकामात जमिनीची पातळी ही शेवटी ठरावयाची गोष्ट नसून सर्वांत प्रथम ठरवावयाची गोष्ट आहे.

पारंपरिक घरांतील पातळीभेद : महाराष्ट्रातील जुन्या घरांत निरनिराळ्या भागांच्या पातळ्या हेतुपूर्वक वेगळ्या ठेवीत. कोकणातील घरात अंगणापेक्षा पडवी, पडवीपेक्षा ओटी व ओटीपेक्षा माजघर उंच असे. त्यामुळे पावसाळी वाऱ्याबरोबर आत येणारे पाणी बाहेरच्या बाहेर निघून जाई. देशावरील वाड्यात चौकाची पातळी भोवतालच्या सोप्यांपेक्षा खाली असून चौकात पडणारे पाणी मोरीवाटे बाहेर काढलेले असे. या सर्व ठिकाणी पायरी पुरेशी उंच व स्पष्ट दिसणारी असे आणि लाकडी चौकटीचा उंबरठा पातळी बदलत असल्याची सूचना देई. शिवाय जमीन मातीची असल्याने ती चोपण्याने चोपून व शेणाने सारवून किरकोळ उंचसखलपणा वेळोवेळी मिटविता येई. फरशी, मोझेक लादी व काँक्रीट यांच्या जमिनी आल्यानंतर ही सोय राहिली नाही; एकदा बसविलेली पातळी कायमची ठरू लागली.

फरक पडण्याची कारणे : पहिले कारण आवाराच्या उताराचे आहे. नव्या भागाचे ⟶ जोते लगतच्या भूपृष्ठापासून मोजल्यास, आणि भूपृष्ठ उतरते असल्यास, ते जुन्या जोत्यापेक्षा तितकेच खाली येते. दुसरे कारण रस्त्यांची वाढत जाणारी उंची हे होय. शहरांत रस्त्यांवर डांबराचे किंवा काँक्रीटचे थर एकावर एक चढत गेल्याने अनेक जुन्या घरांची जोती रस्त्याच्या मानाने ठेंगणी झाली आहेत. नवे बांधकाम आजच्या रस्त्याच्या मानाने उंच घ्यावे लागते आणि जुने घर त्याच्यामागे खोलगट भांड्यासारखे राहते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) मुख्य इमारतीचे जोते भोवतालच्या भूपृष्ठापासून किमान ४५ सेंमी. उंच असावे लागते. जुने घर या अटीपेक्षा खाली गेले असल्यास दोन्ही भागांत फरक पडणे अटळ होते. तिसरे कारण फरशीच्या जाडीतील फरक आणि चौथे कारण नवा भाग कालांतराने खचणे हे असून या दोहोंचा विचार पुढे केला आहे. याखेरीज, गवंड्याने तयार जमिनीऐवजी जोत्याच्या माथ्यापासून मोजमाप घेणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

मोजमाप : वाढीव बांधकामातील सर्व उंच्या एकाच संदर्भबिंदूपासून मोजावयाच्या असतात. जुन्या व नव्या भागांना जोडणाऱ्या दारातील जुन्या फरशीचा पृष्ठभाग हा सर्वांत सोयीचा संदर्भबिंदू होय. त्याची उंची शून्य मानतात. जुनी जमीन सर्वत्र सपाट असते असे गृहीत धरू नये. धुण्यासाठी दिलेला उतार, खचलेला भराव किंवा मुळातील ढिसाळ काम यांमुळे एकाच खोलीच्या दोन कोपऱ्यांत १ ते २ सेंमी. फरक आढळू शकतो. म्हणून खोलीचे चारही कोपरे मोजले, तरी अंतिम निर्णय दारातील पातळीवरूनच करावा लागतो.

लहान अंतरासाठी ⟶ पाणसळ पुरेशी असते. परंतु ती पुनःपुन्हा सरकवीत लांब अंतर मोजल्यास प्रत्येक वेळची लहान चूक साठत जाते. घरबांधणीत पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरून केलेली नळीची पाणसळ स्वस्त व विश्वसनीय ठरते. नळीच्या दोन्ही उघड्या टोकांतील पाणी एकाच पातळीत राहते, या तत्त्वावर ती चालते. नळी भिंतीच्या कोपऱ्यावरून वळवून नेता येत असल्याने, जेथून दृष्टिरेषा जात नाही अशा दोन खोल्यांतील पातळ्याही तिने ताडून पाहता येतात. नळीत हवेचा बुडबुडा राहिल्यास, तिला मुरड पडल्यास अथवा तिचे एखादे टोक बंद असल्यास मापन चुकते. मोठ्या आवारात डंपी लेव्हल, स्वयंचलित लेव्हल किंवा लेसर किरण टाकणारे उपकरण वापरतात. भावी जमिनीपासून १ मी. उंचीवर जुन्या व नव्या भिंतींवर रंगाच्या दोरीने एक अखंड रेषा मारून ठेवल्यास पुढील प्रत्येक थर त्या रेषेपासून खाली मोजता येतो. ही रेषा फरशीचे काम संपेपर्यंत पुसू देऊ नये.

थरांचा हिशेब : तयार जमिनीची पातळी ठरल्यावर तिच्यापासून खाली एकेका थराची जाडी वजा करीत जातात. उदा., भरावावर १५ सेंमी. दगडी सोलिंग, त्यावर १० सेंमी. काँक्रीट, त्यावर ३ सेंमी. मसाला व सर्वांत वर १ सेंमी. जाडीची विट्रिफाइड लादी असे थर योजल्यास एकूण जाडी २९ सेंमी. होते. याचा अर्थ ठोकून घट्ट केलेल्या भरावाचा माथा जोडदारातील जमिनीपासून २९ सेंमी. खाली असला पाहिजे. याच ठिकाणी ३ सेंमी. जाडीची शहाबादी फरशी व तिच्याखाली ४ सेंमी. मसाला योजल्यास एकूण जाडी ३२ सेंमी. होते. भराव व काँक्रीट पहिल्या हिशेबाने पूर्ण झाल्यावर घरमालकाने फरशीची निवड बदलली, तर दारात नेमका ३ सेंमी. चा उंचवटा निर्माण होतो. यासाठी फरशीचा प्रकार व तिची जाडी पाया खोदण्यापूर्वीच निश्चित करणे इष्ट असते. जुन्या खोलीतील फरशीही पुढे बदलावयाची असेल, तर तिची भावी पातळी हाच संदर्भबिंदू धरावा लागतो.

निवारणाचे मार्ग : पातळीतील फरकाबाबत सर्वसाधारण नियम असा की, तो संपूर्णपणे नाहीसा करावा किंवा स्पष्ट दिसणाऱ्या पूर्ण पायरीचे रूप त्याला द्यावे. या दोहोंमधील, म्हणजे सु. २ ते ८ सेंमी. चा उंचवटा सर्वांत धोक्याचा असतो. कारण तो डोळ्यांना जाणवत नाही, पण पायाला अडतो.

(१) समान पातळी : आवार जवळजवळ सपाट असून जुने जोते पुरेसे उंच असल्यास हा मार्ग उत्तम होय. नव्या भागाचे जोते लगतच्या भूपृष्ठावरून न मोजता जोडदारातील संदर्भबिंदूवरून ठरवितात. भूपृष्ठ खाली असेल तेथे भरावाची खोली वाढते व त्या प्रमाणात जोत्याची भिंत उंच व भक्कम करावी लागते. भरावाची खोली फार वाढत असल्यास भरावाऐवजी तुळयांवर टाकलेली काँक्रीटची अधांतरी लादी अधिक सुरक्षित ठरते.

(२) पायरी : फरक १५ सेंमी. च्या आसपास असल्यास तो पायरी म्हणून ठेवता येतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे निवासी इमारतींतील पायरीची उंची १९ सेंमी. पेक्षा अधिक नसावी आणि पाऊल ठेवण्याची रुंदी २५ सेंमी. पेक्षा कमी नसावी. फरक यापेक्षा जास्त असल्यास त्याचे सारख्या उंचीचे भाग पाडतात. ३० सेंमी. फरकासाठी १५ सेंमी. च्या दोन पायऱ्या योग्य होत. एक २० सेंमी. व दुसरी १० सेंमी. अशी विभागणी घातक ठरते, कारण पहिल्या पायरीवर पावलाला झालेला अंदाज दुसऱ्या पायरीवर चुकतो. पायरी दाराच्या झडपेखाली येऊ देऊ नये. दारासमोर उभे राहण्यापुरती सपाट जागा ठेवून मग पायरी घ्यावी. एकटी पायरी नजरेतून सुटण्याचा संभव असल्याने तिच्या कडेला वेगळ्या रंगाची फरशी बसवितात व जवळ पुरेसा उजेड ठेवतात.

(३) उतार : चाकाची खुर्ची वापरणाऱ्या किंवा गुडघ्यांच्या दुखण्याने त्रस्त असलेल्या व्यक्तीसाठी पायरीऐवजी उतार द्यावा लागतो. तो १:१२ पेक्षा तीव्र नसावा. या प्रमाणाने १५ सेंमी. फरकासाठी १.८ मी. आणि ४५ सेंमी. फरकासाठी ५.४ मी. लांबी लागते. लहान खोलीत एवढी जागा मिळत नसल्याने उताराची योजना आराखड्यातच करावी लागते. दारात मसाल्याचा आखूड, तीव्र उतार देऊन फरक ‘मिटविण्याची’ पद्धत सर्रास आढळते; ओल्या पायांनी त्यावरून घसरण्याचा धोका उंचवट्याइतकाच असतो.

(४) जुनी जमीन उचलणे : रस्ता वर आल्यामुळे जुन्या घरात पाणी शिरत असेल, तर जुनी जमीन नव्या पातळीपर्यंत उचलतात. तळमजल्यावर हे शक्य असले, तरी खोलीची उंची तितकीच कमी होते. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या खोल्यांसाठी किमान २.७५ मी. उंची सांगितली आहे. जमीन उचलल्यावर दारे खालून कापावी लागतात, दाराच्या वरच्या पट्टीखाली डोके लागू लागते, खिडक्यांचे तळ जमिनीच्या जवळ येतात आणि विजेची बटणे, नळ व शौचकूप यांची जागाही बदलावी लागते. हा सर्व खर्च हिशेबात धरूनच निर्णय घेणे योग्य ठरते.

(५) जुनी जमीन खाली नेणे : हा मार्ग क्वचितच हितावह असतो. खोदाई जुन्या पायाच्या तळाजवळ पोहोचल्यास भिंतीचा आधार कमी होतो, तसेच ओलरोधक थर उघडा पडतो. जुन्या भिंतींच्या पायाची खोली प्रत्यक्ष उकरून पाहिल्याशिवाय असे काम हाती घेऊ नये.

भराव, पाया व खचणे : जमिनी एकाच पातळीत बांधल्या, तरी त्या तशाच राहतील याची खात्री नसते. जुन्या घराचे खचणे बहुतांशी पूर्ण झालेले असते. नव्या भागाचे त्याचा भार मातीवर आल्यानंतर सुरू होते. मुरूम व वाळू यांवर ते बहुतेक बांधकामाच्या काळातच संपते; परंतु चिकण मातीत ते पुढे कित्येक वर्षे चालू राहते. दख्खनच्या पठारावरील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा मातीवर उथळ पाया घेतल्यास नवी जमीन दरवर्षी वरखाली होऊ शकते. यासाठी पाया खालच्या मुरमापर्यंत नेतात किंवा तळाशी फुगीर केलेल्या स्थूणा वापरतात. रूडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीतील घरांसाठी अशा स्थूणांचे तंत्र विकसित केले आहे [⟶ पाया].

जोत्यातील भराव मुरमाचा असावा. खोदाईतून निघालेली काळी माती आत टाकू नये. मुरूम १५ सेंमी. च्या थरांनी पसरून, प्रत्येक थरावर पाणी मारून व तो धुम्मसाने ठोकून घट्ट करतात. सर्व भराव एकदम टाकून वरवर ठोकल्यास तो एकदोन पावसाळ्यांत बसतो व फरशी पोकळ वाजू लागते. नवा पाया जुन्या पायाला लागून खोदताना संपूर्ण लांबीचा चर एकाच वेळी उघडा न ठेवता सु. १ ते १.५ मी. लांबीच्या तुकड्यांनी काम करतात. जुन्या पायाच्या तळापेक्षा खाली जावे लागत असल्यास स्थापत्य अभियंत्याचा सल्ला आवश्यक ठरतो. अशा ठिकाणी जुनी भिंत कोसळून जीवितहानी होण्याचा धोका असतो.

दोन्ही भाग स्वतंत्रपणे खचू शकतील यासाठी पायापासून छतापर्यंत सलग सांधा ठेवणे हा सर्वसाधारण उपाय होय. जुन्या भिंतीत दाते काढून नवी भिंत गुंतविल्यास व नंतर नवा भाग खचल्यास त्या जोडावरच तिरप्या भेगा पडतात. जमिनीतील सांधा जोडदाराच्या रेषेत घेऊन तो लवचिक पदार्थाने भरतात व वर पट्टी बसवितात. जोडदारातील फरशी सर्वांत शेवटी, म्हणजे छत व भिंती यांचा संपूर्ण भार पायावर आल्यानंतर बसविल्यास सुरुवातीच्या खचण्यामुळे पडलेला फरक त्याच वेळी सामावून घेता येतो.

ओल व सांडपाणी : भिंतीतून वर चढणारी ओल रोखण्यासाठी जोत्याच्या माथ्यावर ओलरोधक थर दिलेला असतो. नवी जमीन जुन्या जमिनीपेक्षा उंच घेतल्यास तिच्याखालील भराव जुन्या भिंतीला या थराच्या वर टेकतो आणि ओल थराला वळसा घालून जुन्या खोलीत शिरते. गिलाव्याचे पोपडे निघणे व भिंतीवर क्षारांची पांढरी बुरशीसारखी साय येणे ही त्याची लक्षणे होत. कोकणातील जांभा दगड सच्छिद्र असल्याने तेथे हा दोष लवकर प्रकट होतो. वाळवीलाही हाच मार्ग मोकळा होतो. म्हणून भराव टाकण्यापूर्वी जुन्या भिंतीच्या त्या भागावर उभा ओलरोधक थर देऊन तो दोन्ही आडव्या थरांना जोडतात व भरावावर वाळवीप्रतिबंधक उपचार करतात.

ब्रिटनमधील जुन्या घरांत हा प्रश्न निराळ्या स्वरूपात आढळतो. तेथे तळमजल्याची जमीन पुष्कळदा लाकडी वाशांवर अधांतरी असते व तिच्याखालील पोकळीत हवा खेळावी म्हणून बाह्य भिंतीत झरोके ठेवलेले असतात. वाढीव खोलीची भरीव काँक्रीटची जमीन त्या भिंतीला लागून घातल्यास झरोके बुजतात व लाकूड कुजू लागते. यासाठी नव्या काँक्रीटखालून नळ टाकून ते झरोके बाहेरच्या हवेशी जोडतात. दोन भिन्न प्रकारच्या जमिनी एका पातळीत आणल्या, तरी त्यांच्याखालील हवा व ओल यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, हे यावरून दिसून येते.

नवे स्नानगृह वा स्वयंपाकघर सखल बाजूस असल्यास सांडपाण्याच्या नळाची पातळी प्रथम तपासावी लागते. १० सेंमी. व्यासाच्या नळाला १:४० च्या आसपास उतार दिल्यास ८ मी. अंतरात तो २० सेंमी. खाली जातो. जुना चेंबर तितका खोल नसल्यास नवी जमीन उंच घेणे किंवा सांडपाणी दुसऱ्या बाजूने काढणे हेच पर्याय उरतात. स्नानगृहाची जमीन लगतच्या खोलीपेक्षा थोडी खाली ठेवण्याची प्रथा आहे. मात्र तेथेही फरक कमीत कमी ठेवून पाण्याचा निचरा उताराने साधणे अधिक सुरक्षित असते.

वरच्या मजल्यावरील विस्तार : तळमजल्यावर चालणारे काही उपाय वरच्या मजल्यावर धोक्याचे ठरतात. काँक्रीटचे वजन दर घ.मी. ला सु. २,४०० किग्रॅ. असते, म्हणजे १० सेंमी. जाडीच्या भरण्याने दर चौ.मी. ला २४० किग्रॅ. कायमचा भार वाढतो. निवासी खोल्यांच्या अभिकल्पात माणसे व सामान यांच्यासाठी धरलेला भार दर चौ.मी. ला सु. २०० किग्रॅ. इतकाच असतो. त्यामुळे पातळी जुळविण्यासाठी जुन्या लादीवर काँक्रीट ओतणे म्हणजे ती खोली कायमची माणसांनी खच्चून भरून ठेवण्यापेक्षाही अधिक आहे. अशा ठिकाणी हलक्या विटा, पोकळ चौकट किंवा लाकडी तक्तपोशी वापरून पातळी जुळवितात. तत्पूर्वी लादीची क्षमता अभियंत्याकडून तपासून घेणे आवश्यक असते. गच्चीवर खोली वाढविताना गच्चीचा उतार व जलरोधक थर यांमुळे तिची पातळी आतील जमिनीपेक्षा वेगळी असते, हेही लक्षात घ्यावे लागते.

भूकंपाचा विचार : भूकंपात लगतचे दोन भाग वेगवेगळ्या गतीने हेलकावतात व एकमेकांवर आदळतात. दोन्हींच्या लाद्या एकाच पातळीत असल्यास लादीवर लादी आदळते व हानी तुलनेने मर्यादित राहते. त्या वरखाली असल्यास एका भागाची लादी दुसऱ्याच्या खांबाच्या मध्यावर आघात करते व खांब मोडण्याचा संभव असतो. १९८५ च्या मेक्सिको सिटीतील भूकंपात इमारती एकमेकींवर आदळून झालेली हानी मोठ्या प्रमाणावर आढळली. भारतीय मानक १८९३ च्या २००२ मधील आवृत्तीत लगतच्या भागांतील मोकळ्या सांध्याची रुंदी मजल्यांच्या पातळ्या सारख्या असल्यास कमी चालते असे सांगितले आहे. महाराष्ट्राने कोयना (१९६७) व किल्लारी (१९९३) येथील विनाशक भूकंप अनुभवले असल्याने एकाहून अधिक मजल्यांच्या विस्तारात ही बाब उपेक्षणीय नाही [⟶ भूकंप].

कामाचा क्रम : जोडदारातील संदर्भबिंदू निश्चित करणे, जुना पाया व जोते उकरून पाहणे, सांडपाण्याच्या चेंबरची खोली मोजणे, फरशीची निवड करणे, थरांचा हिशेब मांडणे व त्यानंतरच पाया खोदणे असा क्रम असावा. जोते पूर्ण झाल्यावर भराव टाकण्यापूर्वी आणि काँक्रीट घट्ट होण्यापूर्वी अशा दोन वेळी नळीच्या पाणसळीने पातळी पुन्हा तपासतात. या टप्प्यांवर आढळलेली चूक काही तासांत दुरुस्त होते. फरशी बसल्यानंतर आढळलेली तीच चूक दारातील उंचवट्याच्या रूपाने राहते आणि घरातील माणसे म्हातारी होत जातात तसतशी ती अधिकाधिक जाचक होत जाते.